उरलेली हवा

“मगे आता पियू तरी काय, बुवानू?”

सुयोग तारीनं हे विचारलं तेव्हा रुपाजी बुवा पडवीत बसून रबरी पोशाखाच्या कोपराला ठिगळ लावत होते. मी पलीकडे बुडी मारताना लावायचे मुखवटे गोड्या पाण्यात धूत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं.

बुवांनी मान वर केली नाही.

“आतापत्तूर काय काय पिलंस?”

सुयोगनं सांगून टाकलं. लिंबू-मीठ-साखर झालं होतं, शहाळं झालं होतं, कोकम झालं होतं, मेडिकलमधली नारिंगी पावडर झाली होती. आदल्या संध्याकाळपासून तांब्या-तांब्या पाणी तर बुवांनीच सांगितलं होतं, तेही तो प्यायला होता. तरी समुद्रातून बाहेर आलं की अंगातलं सगळं बळ कुणी काढून नेल्यासारखं होत होतं.

“सांधे दुकतत? हातपाय झिणझिणतत? आंगार पुरळ?”

“नाय.”

“डाक्टराकडे गेलंस?”

“गेलंय. तो म्हणालो, तुका कायएक झालेला नाय.”

बुवांनी दोरा दातानं तोडला.

“बरो डाक्टर आसा,” ते म्हणाले.

रुपाजी बुवा पूर्वी नौदलात पाणबुडे होते. निवृत्त होऊन देवबागला परतले आणि किनाऱ्यावरच्या माडांत एक शेड घालून आमच्यासारख्या पोरांना पाण्याखाली जायला शिकवू लागले. ‘बुवा’ हे नाव मात्र त्यांना समुद्रानं दिलं नाही. ते दर गुरुवारी देवळात भजनाला बसतात, आणि आमच्याकडे पेटीपुढे बसणारा माणूस गावाचा बुवा होतो. बोलणं कमी, गाणं भरपूर, आणि चेष्टा करताना चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

दमायला होतं म्हणून जो येईल त्याला ते तेच सांगत. पाणी आदल्या दिवसापासून पी. रिकाम्या पोटी उतरू नको, तडस लागेपर्यंत जेवूनही उतरू नको. हुडहुडी भरण्याआधी वर ये. बुडायला कमरेला शिसं गरजेपुरतंच बांध, वर येताना मधे थांब, आणि बाहेर आल्याबरोबर टाक्या उचलून शूरपणा दाखवू नको. आमच्यासारख्यांना एवढं पुरून उरत असे.

सुयोगला पुरत नव्हतं.

तो वर आला की कपाळ ठणकायचं. होडीच्या फळीवर आडवा व्हायचा. पोशाखाची चेन ओढताना त्याची बोटं थरथरायची, मग आमच्यापैकी कुणीतरी ती ओढून द्यायचं. घरी जाऊन तो जेवता जेवता पेंगायचा आणि दिवेलागणीला उठून सगळ्यांवर खेकसायचा. त्याची आवस आमच्या घरी येऊन म्हणाली होती की, माझा पोरगा समुद्रातून अर्धाच परत येतो. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि हा आमच्यातला सगळ्यांत तयारीचा गडी.

आमच्या होडीवर एक रीत होती. सगळे वर आले की दाबाचे काटे शेजारी शेजारी धरायचे. ज्याच्या टाकीत सगळ्यांत कमी हवा उरली, त्यानं थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतायचा. मी चहा ओतण्यात पटाईत झालो होतो. सुयोगनं पूर्ण हंगामात एकदाही थर्मासला हात लावला नव्हता. आमचे काटे खाली उतरलेले असायचे, त्याचा अर्ध्याच्या वर ताठ उभा असायचा.

एवढंच नाही. बुवांची हवाही त्याच्यापेक्षा कमी उरायची. कधीकधी तर आमच्या सगळ्यांपेक्षा कमी. मग बुवा निमूटपणे चहा ओतायचे आणि आम्ही गालातल्या गालात हसायचो. सुयोग हसायचा नाही. तो कप दोन्ही हातांत धरून घ्यायचा, पण मान जराशी वर असायची. आपण गुरूच्या पुढे गेलो, असं त्याला वाटू लागलं होतं. तसं तो बोलला नव्हता, पण आम्हाला दिसत होतं.

पण बुवा त्याला पाहुणे देत नव्हते.

पाहुणे म्हणजे दिवाळीनंतर पाणी निवळलं की येणारी घाटावरची माणसं. त्यांचा हात धरून त्यांना खडकापर्यंत न्यायचं, रंगीत मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं. बुवा एखाद्याला ‘तू खाली ने’ म्हणाले की तो या कामाला लागला. ते शब्द माझ्यासारख्या चहावाल्यालाही मिळाले होते. सुयोगला मिळाले नव्हते. उलट बुवा त्याला नेहमी आपल्या डोळ्यांसमोर, उथळ पाण्यात ठेवत. या हंगामात ते शब्द मिळाले नाहीत, तर चैत्रात मामाच्या ट्रॉलरवर जायचं हे त्याच्या घरात ठरून गेलं होतं. त्याला ट्रॉलर नको होता. त्याला हाच समुद्र हवा होता, आणि तो हातचा जात होता.

“मी दमतंय म्हणान तुमी माका पाव्हणे दियत नाय मां?” सुयोगनं विचारलं.

बुवांनी ठिगळावर अंगठा दाबून धरला.

“सकाळी माज्या वांगडा उतर,” ते म्हणाले.

सकाळी आम्ही सगळे उतरलो. पाणी इतकं स्वच्छ होतं की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती.

बुवा खाली गेले आणि वाळूवर मांडी घालून बसले, देवळात बसतात तसे. त्यांनी सुयोगला समोर बसायची खूण केली. खडक नाही, मासे नाहीत, काही नाही. दोघे नुसते समोरासमोर.

बुवांच्या तोंडापासून बुडबुडे सारखे वर चालले होते. एक झुबका गेला की दुसरा, त्यात खंड नव्हता. सुयोगच्या तोंडापाशी मात्र शांतता. बराच वेळ काही नाही. मग एक छोटा झुबका. पुन्हा बराच वेळ काही नाही…

मला वरून दोघे दिसत होते. एखाद्याला वाटलं असतं की शिष्य समाधीत आहे आणि गुरूला धाप लागली आहे. सुयोगलाही तसंच वाटत असणार, कारण त्याची पाठ ताठ होती.

बुवांनी काही केलं नाही. ते फक्त त्याच्या बुडबुड्यांकडे बघत बसले. वेळ झाल्यावर त्यांनी अंगठा वर केला, म्हणजे वर चला.

वर आल्यावर सुयोग फळीवर आडवा झाला. ओठ पांढरे पडले होते. मी त्याची चेन ओढून दिली. काटे शेजारी शेजारी आले. सुयोगचा अर्ध्याच्या वर, बुवांचा सगळ्यांत खाली.

बुवांनी चहा ओतला. आधी आम्हाला, मग सुयोगला, शेवटी स्वतःला. सावकाश प्याले. कप समुद्राच्या पाण्यात विसळला.

मग ते उठले, सुयोगच्या टाकीपाशी गेले, आणि त्यांनी तिची चावी फिरवली.

हवा फुस्स करून सुटली. टाकीच्या तोंडावर बर्फासारखा पांढरा थर धरला. तो आवाज बंद होईना. सुयोग धडपडत उठून बसला. बुवांनी तळाची थोडी हवा राहू दिली, टाकीत ओल शिरू नये म्हणून, आणि चावी बंद केली.

“कित्याक सोडलात, बुवानू?”

“तू ठेवलंस कित्याक?”

सुयोगला उत्तर तयार होतं. तो म्हणाला, खाली कधी काय होईल सांगता येत नाही, राखलेली हवा अडचणीला उपयोगी पडते. हे काही खोटं नव्हतं, बुवांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

बुवांनी त्याच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. मग थरथरणाऱ्या बोटांकडे.

“अडचणीक कोण धावतला? टाकी की तू?”

सुयोगनं बोटं मुठीत लपवली.

होडी डुलत होती. इंजिन अजून चालू केलं नव्हतं. मग तो बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढला. त्यानं सांगितलं ते आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं. त्याचे वडील, भगवान तारी, एका दमात खडकात अडकलेली जाळी सोडवून आणत. होडीच्या पंख्यात दोर गुंतला की आजूबाजूच्या गावांतून त्यांनाच बोलावणं येई. अंगावर टाकी नाही, नळी नाही, नुसता कमरेला कोयता. सुयोग लहान असताना त्यांनी त्याला अंगणातल्या घंगाळात तोंड बुडवून बसायला शिकवलं. आधी डोकं काढील तो तारींचा नव्हे, असं म्हणायचे.

“दम धरणां ही आमच्या घराची शिकवण आसा,” तो म्हणाला. “ती तुमी समुद्रात वतलात.”

त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, बुवा आता त्याला जवळ घेतील.

“भगवान माजो दोस्त,” बुवा म्हणाले. “त्येच्यासारखो पाणबुडो मी नौदलातय बघूक नाय.”

“मगे?”

“त्येच्या पाठीर टाकी होती?”

बुवांनी इंजिन चालू केलं आणि होडी बंदराकडे वळवली. उतरताना सुयोगनं एवढंच विचारलं, आणि त्याला राग आलेला होता हे लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

“तुमका ह्या म्हायत होता, तर आदी कित्याक सांगलात नाय?”

“तू इचारलंस, पियू काय,” बुवा म्हणाले. “मी सांगलंय, पाणी.”

पाण्याखाली श्वास अडवायचा नाही, हा आमचा पहिला धडा. वर येताना अडवला तर जिवावर बेततं, आणि खाली अडवला तर वापरलेली हवा छातीत साठत राहते, डोकं जड होतं, अंग गळून जातं. सुयोगला हे तोंडपाठ होतं. तो आमच्यातल्या नवशिक्यांना शिकवायचासुद्धा. आपण ते करतो आहोत असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं. वर येताना तो श्वास सोडायचाच. खाली असताना थोडा घ्यायचा, जपून ठेवायचा, नाइलाज झाला की सोडायचा. त्याला वाटायचं, हीच आपली सफाई.

त्या गुरुवारी संध्याकाळी तो देवळात आला. मी झांज घेऊन बसलो होतो. बुवा पेटीचा भाता झटकत होते.

“आता काय करू?” त्यानं विचारलं.

“मागे बस. कोरसात.”

“माका गावूक येणा नाय.”

“गावूक कोण सांगता? ओळ पुरी कर, बस.”

कोरसात बसलेल्याला फार अक्कल लागत नाही. बुवांनी ओळ टाकली की ती सगळ्यांनी उचलायची आणि शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायची. सुयोगची ओळ पुढे जाईना. तो छातीभर श्वास घ्यायचा, आणि मग तो श्वास खर्च करायला त्याचा जीव होईना. अर्ध्या ओळीवर आवाज बंद. गळ्याच्या शिरा ताठ, छाती फुगलेली, आणि तोंडातून काही नाही. बाकीचे ओळ पूर्ण करून पुढची घ्यायचे तेव्हा हा अजून मागच्याच श्वासावर बसलेला. मी हसलो. शेजारचा पखवाजवालाही हसला.

बुवांनी गाणं थांबवलं नाही. ते पुन्हा तीच ओळ टाकत राहिले. किती वेळा टाकली कुणास ठाऊक, लोक कंटाळले, एक म्हातारे उठून गेले. आणि मग केव्हातरी सुयोगनं ती ओळ शेवटपर्यंत नेली. सगळा श्वास संपला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली, एखाद्या पोराचा हात बाजारात सुटावा तशी. पण पुढचा श्वास आपोआप आला.

तो पुढच्या गुरुवारी आला. त्याच्याही पुढच्या आला. समुद्रात मात्र बुवांनी त्याला या काळात नेलं नाही. तो होडी धुवायचा, दोर आवरायचा, आणि आम्ही वर आलो की आमचे काटे बघायचा. मधे एकदा त्याचा मामा ट्रॉलरची गोष्ट पक्की करायला घरी येऊन गेला. सुयोगनं मला ते सांगितलं, आणि पुन्हा दोर आवरायला लागला.

मग एका सकाळी बुवांनी त्याच्या पायापाशी टाकी आणून ठेवली.

“उतर.”

खाली गेल्यावर त्यांनी या वेळी त्याला समोर बसवलं नाही. खडकाला वळसा घालायला लावला. मी मागोमाग होतो. सुरुवातीला तेच जुनं, बराच वेळ काही नाही आणि मग छोटा झुबका. बुवा पोहत पोहत त्याच्या बाजूला आले आणि हातानं पेटीचा भाता मारल्यासारखं केलं. एवढंच.

सुयोगच्या तोंडातून बुडबुडे सुटले. मग पुन्हा सुटले. नंतर त्यानं मला सांगितलं की सुरुवातीला प्रत्येक झुबक्याला जीव तुटत होता. आपण घरातलं काहीतरी उधळतो आहोत, बाबांनी बघितलं तर काय म्हणतील, असं वाटत होतं. खडकाच्या पलीकडच्या बाजूला पोचला तेव्हा ते वाटणं बंद झालं. तिथं पोपट माशांचा एक थवा चरत होता. या खडकाला तो आधी कितीतरी वेळा वळसा घालून गेला होता, पण ते मासे खडक कुरतडतात तेव्हा त्याचा आवाज येतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वर येताना तो मधे थांबला, बुडबुडे सोडत. मग सावकाश वर आला.

होडीत चढल्यावर तो फळीवर आडवा झाला नाही. बसला. त्यानं पाठीमागे हात नेऊन स्वतःची चेन स्वतः ओढली. माझ्याकडे बघून म्हणाला, भूक लागली आहे, डब्यात काही आहे का. मी त्याला घावणा दिला. तो त्यानं उभ्या उभ्या संपवला.

मग काटे शेजारी शेजारी धरायची वेळ आली.

आम्ही सगळ्यांनी आपापले पुढे केले. सुयोगनं आपल्यावर तळवा ठेवला होता. आम्ही कसली संधी सोडतो. एकजण म्हणाला, अरे नवरीसारखा लाजतोस काय, दाखव. दुसऱ्यानं त्याचा हात बाजूला केला.

काटा तांबड्या रेषेच्या जरासाच वर होता. माझ्यापेक्षा खाली. बुवांपेक्षाही खाली.

कुणी हसलं नाही, खरं म्हणजे हसायचं ठरवलं होतं तरी. सुयोगचं तोंड उतरलं. एवढा हंगाम मिरवलेली गोष्ट सगळ्यांसमोर गेली होती. त्यानं बुवांकडे बघितलं, आणि लहानपणी घंगाळातून आधी डोकं काढल्यावर वडिलांकडे बघत असेल, तसंच ते बघणं होतं.

“बुवानू,” तो म्हणाला, “आज माज्याकडे कायच उरूक नाय.”

बुवांनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुयोगच्या ओठांकडे पाहिलं, मग बोटांकडे. लाटेवर होडी बरीच हलत होती. बोटं स्थिर होती…

त्यांनी थर्मास उचलून त्याच्या हातात दिला.

“चाय ओत,” बुवा म्हणाले. “उद्या पाव्हण्यांका तू खाली ने.”